बावचीचं तेल आणि मंदामावशीची खिडकी

अन्याय झाला तो मंदा रामटेके यांच्यावर. शहाण्णव सालच्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, भर दुपारी, लखनौच्या महानगर वसाहतीतल्या एका गच्चीवर. नाव आणि वेळ आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं अशा गोष्टी आपोआप होतात. आपोआप काही होत नाही. कुणीतरी करतं, आणि कुणाला तरी ते सोसावं लागतं.

मंदामावशी माझी सख्खी मावशी नाही. भंडाऱ्याची. तिचे यजमान टेलिफोन खात्यात, माझे बाबा लेखा खात्यात. लखनौत मराठी बोलणारं माणूस भेटलं की त्याला नातं चिकटतंच, तशी ती मावशी झाली. चारबाग स्टेशनावर पूछताछच्या, म्हणजे चौकशीच्या खिडकीत ती बसायची. काचेला गोल भोक, भोकाबाहेर सगळा उत्तर प्रदेश, आणि आत मावशी. कुठली गाडी कुठे, किती उशिरा, हे ती वर न बघता सांगायची आणि सांगून झाल्यावर वर बघायची. "वर पाह्यलं नाई तर माणसाले वाटते आपल्याले हाकललं," असं ती म्हणायची. त्या खिडकीवर तिचा जीव होता. त्या रविवारनंतर तिचं काय गेलं असेल, तर ती खिडकी.

माझं काम सांगते. कपूरथला बाजाराजवळ, एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या. तिथे आमची ग्राहक संस्था. पगार इतका की आई त्याला "रिक्षाभाडं" म्हणते. काम असं: माणूस फसवला गेला की तो जिना चढून येतो, आम्ही त्याला पाणी देतो, त्याचं ऐकतो, त्यातलं रडणं आणि शिव्या वजा करून उरलेलं अर्जात लिहितो आणि ग्राहक न्यायालयात नेतो. मी लिहायला शिकले ते पत्रकांवर. शाळेत असल्यापासून चौदा एप्रिलची पत्रकं आमच्या घरी लिहिली जायची आणि मजकूर माझ्याकडे असायचा. पत्रकाचा एक नियम असतो: पान संपायच्या आत दोषी कोण ते कळलं पाहिजे. मी तक्रारीही तशाच लिहायचे. बहुतेक वेळा जमायचं.

माझ्या वाट्याला तेलं, क्रीमं, पावडरी जास्त आल्या, कारण ऑफिसात बाई मी एकटीच. एक सद्गृहस्थ केस उगवण्याच्या तेलाची तक्रार घेऊन आले आणि पुरावा म्हणून मेहुण्यालाच घेऊन आले. मेहुण्याची टोपी स्वतःच्या हाताने काढून म्हणाले, "देखिए. पहले भी ऐसे ही थे, आज भी ऐसे ही हैं." मेहुणा म्हणाला, "जीजाजी, घर चलिए." आम्ही हसलो, पण ती तक्रार जिंकलो. हसू येतं म्हणून फसवणूक लहान होत नाही.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं धंद्याचं. त्या वर्षांत सुरकुत्यांवर एकच शब्द गाजत होता: रेटिनॉल. ते म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. कुणाची बहीण अमेरिकेहून डबी आणायची, कुणी त्वचेच्या डॉक्टरकडून त्याच घराण्यातली ट्यूब लिहून घ्यायचं. ती लावली की आधी त्वचा लाल होते, सोलते, मग हळूहळू उजळ दिसते. ट्यूबवर स्वच्छ छापलेलं असतं, रात्री लावा, उन्हापासून जपा. डबी महाग, ट्यूब झोंबणारी. मग बाजाराने तिसरी वाट काढली: झाडांतून रेटिनॉल. गाजराचं तेल, गुलाबाच्या बोंडांचं तेल, आणि सगळ्यांत जोरात बावची. 'देसी रेटिनॉल. ना जलन, ना परहेज़.' ना आग, ना पथ्य: पार्लरवाल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य मंत्रासारखं बसलं होतं.

बावची खोटी नाही, हे मी आधीच सांगते. माझ्यावर झाडपाल्याच्या विरोधाचा आरोप नको. काळ्या, चपट्या बियांचं ते कडवट वासाचं तेल वैद्य लोक पांढऱ्या डागांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. पण कसं वापरतात? लावायचं आणि उन्हात बसायचं. त्यातलं एक द्रव्य उन्हाला त्वचेत बोलावतं, म्हणूनच डागात रंग भरतो. वैद्य मोजून ऊन देतो. चमच्याने औषध द्यावं तसं.

मावशीच्या तोंडावर ते तेल गेलं नसीम आपाच्या हातून. नसीम आपाचं पार्लर महानगरातच, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत. नवरा वारल्यावर तिने ते सुरू केलं. मावशीच्या भुवया, केस, सगळं तिच्याकडे. दोघी एकमेकींना वय विसरून "तू" म्हणायच्या. स्टेशनावर खिडकीशेजारच्या टेबलावर नवी मुलगी बसायला आली, तेव्हा मावशीने आपाला विचारलं, "नसीम, मेरे मुँह पे ये लकीरें कब आईं?" आपा म्हणाली, "ठहर, एक चीज़ है मेरे पास. मैं ख़ुद लगा रही हूँ."

आणि ती खरंच लावत होती. आपाने स्वतः न लावलेली वस्तू गिऱ्हाइकाला कधी लावली नाही.

मग तो रविवार आला. ज्याने उत्तरेकडची थंडी पाहिली नाही त्याला सांगायला हवं: दिवसचे दिवस धुकं, सूर्य म्हणजे अफवा. आणि एखाद्या दुपारी अचानक ऊन पडतं. सगळी वसाहत गच्चीवर. चटया, मटार सोलणं, स्वेटर विणणं, ओले केस. आणि तेल. हिवाळ्यात अंगाला तेल चोपडून उन्हात बसणं हे इथे सणासारखं असतं. मावशीने हातापायांना सरसोंचं, म्हणजे मोहरीचं तेल लावलं आणि तोंडाला आपाचं. तोंड उन्हाकडे करून बराच वेळ पडून राहिली. तिची मुलगी पिंकी, जिला मराठी सगळं समजतं पण जी उत्तर हिंदीतच देते, म्हणाली होती, "मम्मी, पूरी टैन हो जाओगी." मावशी म्हणाली, "होऊ दे."

त्या दिवशी काही झालं नाही. हीच या तेलाची लबाडी. दुसऱ्या दिवशी गाल तापले. तिसऱ्या दिवशी लाल, सुजलेले, आणि मग फोड. मी गेले तेव्हा मावशी ओल्या पंचाखाली तोंड झाकून पडली होती. पंचा बाजूला केला आणि मी काही बोलू शकले नाही. मी, जी रिक्षावाल्याशीही भाषण देऊन भांडते.

"काहून गप झाली?" मावशी म्हणाली. "बोल ना. तुले तर लय येते बोलता."

फोड गेले, पण मागे काळे डाग ठेवून गेले. कपाळाला, दोन्ही गालांना, जिथे जिथे बोट फिरलं होतं तिथे ओरखड्यासारखे. सरकारी इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली आणि म्हणाल्या, "बावची." मी विचारलं, मग हे रेटिनॉलसारखं काम करतं हे खोटं का? त्या म्हणाल्या, "बीज में बहुत कुछ होता है. कोई अलग-अलग करके देखे तो शायद एकाध चीज़ काम की निकले. लेकिन ड्रम में कौन अलग करता है?" डाग जायला महिने लागतील, काही राहतीलही, असं त्यांनी मावशीला स्पष्ट सांगितलं.

रजा संपवून मावशी कामावर गेली. साहेब सभ्य माणूस होता, म्हणजे ओरडला नाही. म्हणाला, "मैडम, पब्लिक डीलिंग है. चेहरा ठीक हो जाए, फिर देखते हैं." आणि तिला आतल्या खोलीत बसवलं, जिथे खिडकी भिंतीकडे उघडते. काम गठ्ठे बांधण्याचं. संध्याकाळी ती सरळ आमच्या ऑफिसचा जिना चढून आली.

"भरपाई मागू मावशी," मी म्हटलं. "औषध, पगार, मानसिक त्रास..."

"भरपाई नको सांगू मले. मले माही खिडकी पायजे."

ग्राहक कायद्यात खिडकी परत मिळवण्याचं कलम नाही. पण मी म्हटलं, आधी दोषी तर धरू. आणि माझ्या लेखी दोषी ठरलेला होता. बाटलीवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त एक फूल आणि 'शुद्ध वानस्पतिक'. कायद्याने मग उरतो तो विकणारा. नसीम आपा. माझा अर्ज डोक्यात तयार होता, पहिलं वाक्यसुद्धा जळजळीत होतं.

आपाच आधी आली. मी मावशीकडे बसले होते. दारात उभी, चपला हातात, जणू कुणाच्या मयतीला आली आहे. मावशीकडे बघितलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

"मंदा, क़सम ले ले. मैंने ख़ुद पे लगाया था. पूरी सर्दी लगाया. मुझे कुछ नहीं हुआ."

मी तोंड उघडणार होते. मावशीने हात वर केला आणि फार हळू, एखाद्या लहान मुलीला विचारावं तसं विचारलं, "नसीम, तू धूप में निकलती कब है?"

सकाळी दुकान उघडण्यापासून संध्याकाळपर्यंत आपा त्या खोलीत असायची. गिऱ्हाइकांना आडोसा हवा म्हणून जाड पडदे, वर ट्यूबलाइट. भाजीसुद्धा दारावर यायची. गच्ची वरच्या भाडेकरूंची. तिने तेल प्रामाणिकपणे तपासलं होतं. ऊन सोडून सगळ्या कसोट्यांना ते उतरलं होतं.

आपा रडायला लागली तेव्हा मावशी म्हणाली, "अब रोती क्या है, चाय बना. मुझे तो पिंकी बनाने नहीं देती, कहती है भाप लगेगी." आणि आपाने उठून परक्या स्वयंपाकघरात न विचारता चहाची डबी शोधून काढली. तेव्हापासून पार्लर बंद झाल्यावर ती रोज यायची. मलमल थंड पाण्यात बुडवून मावशीच्या तोंडावर ठेवायची. दुसरं काही नाही, फक्त पाणी. पार्लरातल्या सगळ्या बाटल्यांवरून तिचं मन उडालं होतं.

अर्जाचं मात्र अडलं. मी मावशीला समजावलं की विकणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

"नसीमचं नाव घालशील तर माह्यं काढ," ती म्हणाली.

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, "मावशी, अशानेच यांचं फावतं! आपण दया करायची आणि..."

"यांचं म्हणजे कोणाचं? नसीमचं काय फावलं?"

कोणाचं फावलं ते मी शोधायला गेले. आपाने जागा सांगितली: ऐशबागच्या बाजूला, लाकडाच्या वखारींच्या मागे एक गोदाम. पुढे काउंटर, मागे निळे ड्रम, काउंटरवर एक वयस्कर मुन्शीजी, मेंदी लावलेली दाढी, बोलणं साखरेचं.

मी म्हटलं, माझ्या चुलत बहिणीला पांढरे डाग आहेत, वैद्यांनी बावचीचं तेल सांगितलं आहे.

"ख़ुदा शिफ़ा दे, ठीक कर दे," मुन्शीजी म्हणाले आणि ड्रमच्या तोटीखाली बाटली धरली. "मगर बिटिया, एहतियात से. ज़रा-सा लगाए, ज़रा-सी धूप ले. पहले दिन बस इतनी, जितनी देर में चाय ठंडी हो. ज़्यादा बैठेगी तो जल जाएगी."

मी पैसे दिले. मग म्हटलं, आणि पार्लरसाठी ते चेहऱ्याचं असतं ना, देसी रेटिनॉल, तेही द्या. त्यांनी दुसरी बाटली घेतली. त्याच तोटीखाली धरली. वर गुलाबाच्या अत्तराचे थेंब टाकले, बूच लावून हलवली, फुलाची चिठ्ठी चिकटवली.

"इसमें धूप का कोई परहेज़?"

"अरे नहीं बिटिया, ये तो ब्यूटी का आइटम है. हर्बल है."

"ड्रम तो वही है, मुन्शीजी."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता, थोडी कीव होती. "ड्रम वही है. ग्राहक दूसरा है."

मी उभीच राहिले, तेव्हा त्यांनी समजूतही घातली. चिठ्ठीवर 'धूप से बचें' छापलं तर बायका म्हणतील की यातही केमिकल आहे. मग डॉक्टरची ट्यूबच काय वाईट? परहेज़ नाही म्हणून तर हे खपतं.

आजारी माणसाला इशारा द्यायचा, कारण तो वैद्याला जाऊन विचारेल. सुंदर दिसू पाहणाऱ्या बाईला द्यायचा नाही, कारण ती कुणालाच विचारणार नाही. लाजेल. भाजलीच तर तोंड झाकून घरात बसेल. हे त्यांचं गणित होतं, आणि चूक नव्हतं. आपाकडून तेल घेतलेल्या आणखी दोघी भाजलेल्या निघाल्या, दोघींनी आधी सांगितलं होतं की उकळतं दूध उडालं.

मी परत येऊन हे सगळं मावशीला आणि आपाला सांगितलं. आपा उठली. "मेरा नाम लिखो. सबसे ऊपर. बेचा तो मैंने है. मेरा नाम होगा तभी तो मैं वहाँ खड़ी होके बोलूँगी कि माल कहाँ से आया."

"दुकान चली जाएगी तेरी," मावशी म्हणाली.

"तो तू मुझे पूछताछ में लगवा देना."

अशी ती तक्रार झाली. माझ्या नोकरीतली एकमेव तक्रार, जिच्यात वादी आणि प्रतिवादी क्रमांक एक एकाच रिक्षाने यायच्या. तारखेला दोघी बाहेरच्या बाकावर एकाच डब्यातली आलू-पूरी खायच्या. प्रतिवादी क्रमांक दोन, म्हणजे गोदामवाल्या कंपनीचे वकील एकदा जवळ येऊन आपाला म्हणाले, "मोहतरमा, ये आपके ख़िलाफ़ मुक़दमा है, कुछ ख़याल कीजिए." आपाने त्यांना लोणचं विचारलं.

गोदामातून पार्लरला माल येणं बंद झालं. तेलच नव्हे, मेण, क्रीम, सगळंच, कारण त्या बाजूचे पुरवठादार एकमेकांचे साडू. आपाने महिनोन्‌महिने फक्त धागा आणि कात्रीवर घर चालवलं. हे मी पत्रकात कुठे लिहिणार? पत्रकात दोषी लागतो. दोषी असूनसुद्धा पुढे येऊन उभं राहणाऱ्या बाईसाठी त्यात रकाना नसतो.

वर्ष असंच तारखांत गेलं. मावशीचे डाग फिके झाले, पण डाव्या गालावरचा आणि कपाळावरचा राहिला. साहेबाचं "देखते हैं" चालूच. मी म्हटलं, साहेबाविरुद्ध पत्रक काढते. स्टेशनभर वाटते.

मावशी म्हणाली, "काई नको. उद्या मी बसतो खिडकीत. तू आणि नसीम नुसत्या या."

डिसेंबर होता. धुक्याने सगळ्या गाड्या खाल्ल्या होत्या. पूछताछसमोर माणसांचा डोंगर, आणि आत ती नवी मुलगी, रडवेली, रजिस्टर उलटंपालटं करणारी. मावशी आतल्या दाराने गेली. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "उठ बेटा, पानी पी के आ." आणि बसली. तोंडावर ओढणी नाही, पावडर नाही. काचेच्या भोकाशी पूर्ण चेहरा.

आम्ही दोघी गर्दीत. आपाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

"हावड़ा वाली?" "चार घंटे लेट." "पंजाब वाली?" "अभी मुरादाबाद नहीं छोड़ा." मावशी सांगत होती आणि सांगून झालं की वर बघत होती. कुणाला तिच्या गालाशी देणंघेणं नव्हतं. लोकांना गाडी हवी होती. मग गाठोडं घेतलेली एक खेड्यातली म्हातारी पुढे आली, काचेला नाक लावून म्हणाली, "ए बिटिया, मुँह कैसे जर गवा?"

आपाने डोळे मिटले.

"तेल लगाए रहे अम्मा, घाम मा बइठ गए," मावशी तिच्याच बोलीत म्हणाली, जिच्यात घाम म्हणजे ऊन. "कौन गाड़ी?"

"च्च. गोंडा वाली."

"बहुत देर है. उधर चाय पी लीजिए, ठंड में मत खड़ी रहिए. अगला?"

साहेब मागच्या दारात येऊन उभा होता, किती वेळ ते माहीत नाही. गर्दीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि गेला. पुढच्या आठवड्याच्या ड्यूटीत तिचं नाव खिडकीवर होतं. माफी नाही, खुलासा नाही. मावशी म्हणाली, मागायला वेळ कुणाला होता.

तक्रारीचा निकाल पुढे लागला. इशारा छापा, असा आदेश झाला. कंपनीने छापला, बाटलीच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरात. मग ते गोदाम बंद झालं, आणि कळलं की तेच ड्रम दुसऱ्या नावाने, दुसऱ्या फुलाची चिठ्ठी लावून चालू आहेत. आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. आपा यावेळी साक्षीदार आहे आणि तिचं पार्लर, देव जाणे कसं, चालू आहे. मावशीच्या गालावरचा डाग आहे तिथेच आहे. मी तो बघते तेव्हा मला अजून राग येतो, आणि हा राग जावा अशी माझी इच्छा नाही.

आता तुमच्याकडे मागणं आहे. दिवाळी अंक आहे, त्यामुळे याच अंकात कुठेतरी तरुण कांती देणाऱ्या वनस्पती तेलाची जाहिरात असेलच. पानं उलटा आणि शोधा. त्यात बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे का? कुठल्या झाडाचं काय घातलंय, ते लिहिलंय? लावून उन्हात गेलं तर काय होतं, ते? नसेल, तर संपादकांना एक कार्ड लिहा: ही जाहिरात पुढच्या वर्षी छापाल तर आम्ही अंक घेणार नाही. फराळ झाल्यावर नको, आधी लिहा.